शाकारणी

रत्नागिरीत मे महिन्याच्या शेवटी दोन गोष्टी शाकारतात. एक घर आणि दुसरी बोट. शब्द एकच. पावसाआधी छपरावर झावळ्या किंवा गवत चढवायचं, कौलं चाळून फुटकी बदलायची, ही घराची शाकारणी. आता घरांवर स्लॅब आले आणि तिथला तो शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरला. बंदरावर मात्र तो अजून रोजच्या वापरात आहे. मिरकरवाडा, साखरतर, काळबादेवी, जयगड, कुठेही जा, जूनच्या तोंडावर ‘बोट शाकारली काय?’ हा प्रश्न ‘जेवलात काय?’ इतक्या सहज विचारला जातो.

१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटींनी समुद्रात मासेमारी करायची नाही, असा नियम आहे. पूर्वी आपल्या राज्यात ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असायची. या दोन महिन्यांत लहान बोटी किनाऱ्यावर ओढून घेतात आणि मोठ्या खाडीत, धक्क्याच्या आडोशाला बांधतात. वर झाप किंवा ताडपत्री. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, झालं, बोट झाकली. खरं काम त्या ताडपत्रीच्या खाली, इंजिनाच्या खोलीत झालेलं असतं. नाहीतर झालेलं नसतं. बाहेरून दोन्ही बोटी सारख्याच दिसतात, आणि मला लिहायचंय ते याच सारखं दिसण्याबद्दल.

माझी पदवी मेकॅनिकलची आणि नोकरी कोडिंगची. आपल्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. ऑफिस पुण्यात असलं तरी काम घरून चालतं, त्यामुळे गेले तीन पावसाळे मी रत्नागिरीतच आहे. शाळेतल्या एका मित्राच्या वडिलांची ट्रॉलिंगची बोट आहे. शाकारणीच्या दिवसांत मी तिथे जातो, पाने-स्क्रूड्रायव्हर हातात देतो आणि मिस्त्रींना प्रश्न विचारून त्रास देतो. पदवीच्या चार वर्षांत जे इंजिन मी कागदावर पाहिलं, ते इथे हाताला लागतं. वासासकट.

काम काय असतं ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्याच्यावर उभा आहे.

पहिल्यांदा इंजिन थोडा वेळ चालवून गरम करायचं आणि तेल गरम असतानाच काढायचं. थंड तेलातला गाळ तळाला बसतो, गरम तेलाबरोबर तो बाहेर येतो. मग फिल्टर बदलायचा आणि नवीन तेल भरायचं. त्यानंतर पाणी. बोटीचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत खेचलेलं असतं. एका लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. दोन महिने ते नळ्यांत राहिलं तर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि धातू खात बसतं. म्हणून गोड्या पाण्याने सगळा मार्ग धुवायचा, तळाच्या तोट्या उघडून तेही काढायचं आणि समुद्राकडचा वॉल्व्ह बंद करायचा. पंपातला रबरी इंपेलर काढून ठेवायचा, नाहीतर त्याच्या पाकळ्या दोन महिने एकाच बाजूला वाकून तशाच राहतात. हवा आत घेण्याचं तोंड आणि धुराचा पाइप चिंध्यांनी बंद करायचा, पावसासाठी आणि उंदरांसाठी. बॅटऱ्या, जीपीएस, वायरलेस, मासे दाखवणारं यंत्र, सगळं घरी न्यायचं. मित्राच्या घरी ते फडताळात तांदळाच्या डब्याशेजारी असतं. विंच, सुकाणू आणि पंख्याच्या दांड्याला ग्रीस. तळाला ठोकलेले जस्ताचे तुकडे झिजले असतील तर नवे. समुद्राच्या पाण्यात पंखा आणि दांडा गंजू नये म्हणून त्यांच्याआधी जस्त स्वतः झिजतं. यावर कविता करण्याचा मोह मला दरवर्षी होतो आणि दरवर्षी मी तो आवरतो.

आता वादाचा मुद्दा. तेल.

पंधरा-वीस लिटर नवीन तेल आणि फिल्टर, हा खर्च नेमका मेच्या शेवटी येतो. बोट दोन महिने जागची हलणार नाही. मग नवीन तेल आत्ता कशाला घालायचं? ऑगस्टमध्ये निघताना घालू, ताजं असेल. हा युक्तिवाद इतका सरळ आहे की मीही पहिल्या वर्षी मान डोलावली असती, पण मिस्त्री मध्ये बोलले. ‘रात्री दात घासून निजतोस ना? सकाळी उठून घासायचेच आहेत म्हणून रात्री सोडतोस काय?’

रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. वापरलेल्या तेलात नुसती काजळी नसते. इंधन जळताना तयार झालेली आम्लं आणि पाणीही त्यात उतरलेलं असतं. इंजिन चालू असतं तोवर तेल फिरत राहतं, तापतं, ओल उडून जाते. बंद इंजिनात तेच तेल बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागाला लागून दोन महिने पडून राहतं. वर रत्नागिरीचा पावसाळा, हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि भिंतीलाही घाम सुटेल अशी हवा. म्हणजे इंजिनाची झीज काम करताना होते तशीच विश्रांतीतही होते, आणि विश्रांतीतली झीज काय घालून झोपवलं यावर ठरते.

थंड देशांत हेच काम हिवाळ्याआधी करतात. तिथे भीती बर्फाची. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, आणि इंजिनात पाणी राहिलं असेल तर ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकतो. वसंतात मालक येतो, तडा बघतो आणि त्याला कळतं की पाणी काढलं नव्हतं. गुन्हा, पुरावा आणि गुन्हेगार एकाच जागी. कोकणात असं होत नाही. इथली ओल कुणालाच रंगेहाथ पकडून देत नाही. जूनमध्ये बेअरिंगवर पडलेला बारीकसा खड्डा ऑगस्टमध्ये कळत नाही. तो कदाचित नोव्हेंबरमध्ये आवाज करायला लागेल. तेव्हा कुणी म्हणेल डिझेल खराब होतं, कुणी म्हणेल तांडेलाने इंजिन ताणलं, कुणी म्हणेल नशीब. मेमधल्या त्या न घातलेल्या तेलापर्यंत कुणाचं बोट पोचणारच नाही.

म्हणून माझा प्रश्न असा. ज्या कामाचं यश म्हणजे ‘काहीच झालं नाही’ आणि ज्या कामातली कुचराई कधीच सिद्ध होणार नाही, ते नीट का करायचं?

सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न आम्ही रोज जगतो, फक्त त्याला नाव वेगळं आहे. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने १९९२मध्ये घाईघाईने केलेल्या कामाला कर्जाची उपमा दिली. आज वेळ वाचवा, पण पुढे व्याज भरावं लागेल. ‘टेक्निकल डेट’ हा शब्द आता इतका रुळलाय की मीटिंगमध्ये तो उच्चारला की सगळे गंभीरपणे माना हलवतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. उलटं उदाहरण २००० सालाचं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं असायचं, त्यामुळे ९९नंतरचं ००, म्हणजे १९०० समजलं जाण्याचा धोका होता. जगभर वर्षानुवर्षं दुरुस्ती झाली, आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या त्या कामावर उभ्या राहिल्या. १ जानेवारीला फारसं काही कोसळलं नाही. तर लोक म्हणाले, उगाच घाबरवलं होतं! वेळेवर केलेल्या शाकारणीचं बक्षीस हे असं असतं.

पण कर्जाची उपमा मला बोटीवर उभं राहून खोटी वाटायला लागली. कर्जात एक साधी गोष्ट गृहीत असते की जो घेतो तोच फेडतो. निदान त्याच्या नावावर तरी असतं. बोटीच्या बाबतीत तेल न बदलण्याचा निर्णय मालक घेतो. ऑगस्टमध्ये बोटीवर असतात तांडेल आणि खलाशी. बंदी उठली तरी समुद्र लगेच निवळत नाही, म्हणून तर बरेच जण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. वारा पश्चिमेकडून जमिनीच्या दिशेने. अशात रत्नदुर्गाच्या खडकांसमोर इंजिन बंद पडलं तर बोट समुद्राकडे वाहत नाही, खडकाकडे वाहते. तेव्हा नांगर धरेल की नाही याची काळजी करणारा माणूस तेलाच्या निर्णयाच्या वेळी तिथे नव्हताच. तो बहुतेक गावी होता. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळमधून आलेले खलाशी खूप आहेत. हिशेब झाला की जूनमध्ये ते घरी जातात, जुलैच्या शेवटी परततात. त्यांच्या नावावर हे कर्ज चढतं आणि त्यांना त्याची पावतीही मिळत नाही.

इंग्लिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांचं १९८४चं एक पुस्तक आहे. त्यात ते विचारतात की अनेक वर्षांनंतरचा मी आणि आजचा मी, यांना आपण एकच माणूस का समजतो? तो दूरचा मी जर जवळजवळ दुसराच कुणी असेल, तर आज त्याचं नुकसान करणं हा नुसता बेफिकीरपणा राहत नाही, ते चुकीचं वागणंच ठरतं. मला हे वाचताना भारी वाटलं होतं. रात्री दोन वाजता सिरीज बघताना सकाळच्या मला फसवल्यासारखं वाटायला लागलं. बंदरावर मात्र एवढ्या तत्त्वज्ञानाची गरजच पडत नाही. इथे ‘पुढचा माणूस’ खरोखरच दुसरा माणूस आहे. त्याचं वेगळं घर आहे, वेगळी आई आहे.

आता मालकाची बाजू. ती न सांगता पुढे गेलो तर हा लेख एसीत बसून लिहिल्यासारखा होईल (काही भाग तसा लिहिलाही आहे). मेमध्ये मासळी कमी, डिझेलची उधारी बाकी, खलाशांचा हिशेब चुकता करायचा, जाळी दुरुस्तीला आणि पुढच्या हंगामात यावेत म्हणून काहींना आगाऊ रक्कम द्यायची. त्यात पुस्तकातली शाकारणी काय सांगते? डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवा. कारण अर्धी टाकी म्हणजे अर्धी हवा. हवेतली ओल टाकीच्या भिंतीवर जमते, पाणी डिझेलखाली साठतं, आणि पाणी-डिझेल जिथे मिळतात तिथे चक्क बुरशी वाढते. तिचा चिकट गाळ फिल्टर तुंबवतो. सल्ला शंभर टक्के बरोबर. फक्त काठोकाठ भरलेली टाकी म्हणजे दोन महिने गोठवलेली मोठी रक्कम, आणि नेमकी ज्या दोन महिन्यांत उत्पन्न शून्य त्याच दोन महिन्यांत. मित्राच्या वडिलांना मी हे पहिल्यांदा उत्साहाने सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘बरं. पैसे तू देतोस काय?’

यावर त्यांनी आणि मिस्त्रींनी काढलेला मार्ग कुठल्या पुस्तकात असेल असं वाटत नाही, पण तो काम करतो. उरलेलं डिझेल पूर्ण काढायचं, टाकी आतून पुसून कोरडी करायची, झाकण आणि हवेची नळी घट्ट बंद करायची, आणि ऑगस्टमध्ये नवीन डिझेल भरलं की पहिल्यांदा तळाच्या तोटीतून बाटलीभर काढून पाणी आहे का बघायचं. याला पैसे कमी लागतात आणि मेहनत जास्त. गरिबाची शाकारणी अशीच असते, पैशाच्या जागी अंग घालायचं. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘परवडत नाही’ हे कारण खरं असू शकतं, आणि तरी ते वाक्य शेवटचं असायची गरज नाही. त्यानंतर ‘मग काय करता येईल’ हा प्रश्न विचारला गेला की नाही, त्यावरून मी माणसाकडे बघतो. तेलाला मात्र असा पर्याय नाही. ते बदलायचं किंवा नाही बदलायचं.

टिळकांचा जन्म याच गावातला, १८५६चा, त्यामुळे कर्माची चर्चा निघाली की रत्नागिरीत कुणीतरी ‘गीतारहस्य’ आणतंच. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५मध्ये छापलेलं ते पुस्तक आमच्या घरातही आहे, धूळ खात. फळाची अपेक्षा न धरता काम करावं, हे शाकारणीला लावायला फार सोपं आहे. म्हणूनच मला ते इथे नको वाटतं. मिस्त्रींना फळाची अपेक्षा आहे. त्यांना मजुरी हवी आहे, तीही वेळेवर, आणि ‘निष्काम’ हा शब्द ज्याला मजुरी द्यायची असते त्याच्याच तोंडी जास्त शोभून दिसतो. टिळकांनी ज्यावर भर दिला त्यातला दुसरा शब्द मला जास्त कामाचा वाटतो, लोकसंग्रह. लोक एकत्र धरून ठेवणं, जगाची घडी विस्कटू न देणं. त्यात फळ आहे, पण ते दुसऱ्याच्या ताटात पडतं. गोड्या पाण्याने नळ्या धुणाऱ्या माणसाचं काम मला या जातीचं दिसतं.

तसं पाहिलं तर बंदी हीसुद्धा शाकारणीच आहे, समुद्राची. पावसाळा हा बऱ्याच माशांचा प्रजननाचा काळ. पूर्वी वेगळा नियम फारसा लागत नव्हता, कारण शिडाच्या आणि वल्ह्याच्या होड्यांना जूनचा समुद्रच आत येऊ देत नव्हता. आजही बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट आहे. इंजिनं आली, मोठी झाली, आणि समुद्राचा ‘नाही’ कमी ऐकू यायला लागला. मग तो ‘नाही’ कागदावर लिहावा लागला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा आहे. पण त्यालाही तोच रोग आहे. पाळला तर काय झालं ते दिसत नाही, आणि एखाद्याने जुलैच्या अंधारात मोडला तर पुढच्या वर्षीच्या कमी मासळीवर त्याचं नाव लिहिलेलं नसतं. फरक एवढाच की समुद्र एकट्याला शाकारता येत नाही. इंजिन येतं. त्यामुळे ‘बाकीचे करत नाहीत’ ही सबब इंजिनाच्या बाबतीत चालत नाही.

आणि जुलै. शाकारणीतला सगळ्यात न दिसणारा भाग जुलैत असतो. इंजिन दोन महिने एकाच स्थितीत राहू नये म्हणून दर पंधरा दिवसांनी कुणीतरी बोटीवर जाऊन ते हाताने थोडं फिरवायचं असतं. नव्या तेलाचा थर पुन्हा सगळीकडे लागतो. ताडपत्रीवर पाणी साचलंय का, बोटीच्या तळात किती भरलंय, दोर घासला गेलाय का, हेही बघायचं. पंधरा मिनिटांचं काम. पण मुसळधार पाऊस, निसरडा धक्का, इंजिनाच्या खोलीत अंधार आणि कुबट वास. त्या दिवशी तुम्ही गेला नाहीत तर जगात कुणालाही कळणार नाही. इंजिनालाही, असं म्हणायचा मोह होतो, पण इंजिनाला कळतं. गेल्या जुलैत मित्र मुंबईत होता म्हणून दोनदा मी गेलो. फ्लायव्हील लोखंडी दांड्याने हलवताना सुरुवातीला ते जड जातं, मग एकदम सैल होतं आणि आतून ओल्या तेलाचा बारीक चपचप आवाज येतो. माझ्या कोडला असा आवाज नाही. तिथे टेस्ट पास झाल्याची हिरवी खूण येते, पण हाताला काही लागत नाही.

हे नीट का करायचं, याचं मला सापडलेलं उत्तर फार उदात्त नाही. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला विचारता येत नसेल, तर निदान तो समोर उभा आहे असं समजून ठरवायचं. जुन्या तेलावर बोट ठेवायची असेल तर ठेवा, तुमची परिस्थिती तुम्हाला माहीत. पण ऑगस्टमध्ये तांडेलाच्या डोळ्यात बघून ‘तेल जुनंच होतं, जरा सांभाळून’ हे सांगता येईल का? येत असेल तर पुढचा निर्णय तो घेईल. तो लांब जाणार नाही, किंवा आधी तेल मागेल, किंवा दुसरी बोट धरेल. न बदलणं एक वेळ समजू शकतं. न बदलता गप्प राहणं म्हणजे त्याचा निर्णय त्याच्या पाठीमागे आपण घेऊन टाकणं. आमच्या क्षेत्रातही मी आता एवढंच धरून बसतो. कच्चं काम कधीकधी पुढे जातंच, पण ते कच्चं आहे हे त्याच्यावर लिहिलेलं असलं पाहिजे.

मिस्त्री हे लिहितात. सगळं झालं की बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करने लिहितात आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून इंजिन चालू करायच्या चावीजवळ सुतळीने बांधतात. पिशवी सोडवल्याशिवाय चावीला हात लागत नाही. या वर्षीचा पुठ्ठा असा होता: ‘तेल नवीन, २८ मे. पाणी बंद आहे. पंपाचे रबर काढले आहे, घरी डब्यात. धुराच्या पाइपात चिंधी आहे. टाकी रिकामी.’

मी विचारलं, हे वाचणार कोण? सुरुवातीला इंजिन बघतो तो खलाशी तर नेपाळचा. ते म्हणाले, ‘त्याचीपण अक्षरं हीच. पाण्याला तो पानी म्हणतो, बंदला बन्द. तेल तर तेलच.’ मग थोडा विचार करून त्यांनी पिशवी पुन्हा सोडली आणि ‘चिंधी’ या शब्दाशेजारी कापडाचं छोटंसं चित्र काढलं.